मालक इथेच राहतो का? एका अटीची आणि तिच्यावरच्या संशोधनाची चिकित्सा

प्रश्नावली तयार करायला बसलं की काही ओळी हात आपोआप लिहितो. "घर कोणाचं? स्वतःचं / भाड्याचं / इतर." आणि तिच्याखाली, "घरमालक इथेच राहतात का? होय / नाही." सिनॉप्सिसमध्ये या ओळी कुणी अडवत नाही. गाइड पुढे सरकतात, आरआरसीतही त्यावर कुणी बोट ठेवत नाही. आजची पोस्ट दुसऱ्या ओळीबद्दल आहे. दिसायला ती साधी माहितीची ओळ आहे. पण जगात बऱ्याच ठिकाणी तीच ओळ नियमातली अट म्हणून वापरली जाते, आणि त्या अटीवर बरंच संशोधनही झालंय. ते वाचून मग गोसीखुर्दच्या पुनर्वसित गावठाणात सर्व्हेला गेलात, तर हा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा विचारणार नाही, असं मला वाटतं. का, ते सांगते.

आधी अमेरिका, कारण या विषयावरचं बहुतेक साहित्य तिथलं आहे. तिथल्या शहरांत मोठमोठे भाग फक्त 'एका कुटुंबाच्या घरा'साठी राखलेले असतात. एक प्लॉट, एक घर. त्या प्लॉटवर मागे, गॅरेजवर किंवा तळघरात दुसरं छोटं, वेगळी चूल असलेलं घर काढलं तर त्याला ते ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट म्हणतात. आपण सोयीसाठी 'जोडघर' म्हणू. कित्येक शहरांनी जोडघराला परवानगी दिली, पण एका अटीवर: मालकाने त्या प्लॉटवरच्या दोनपैकी एका घरात स्वतः राहायला हवं. अटीमागचा विचार सरळ आहे. मालक शेजारीच झोपत असेल तर भाडेकरूवर लक्ष राहील, घराची डागडुजी होईल आणि बाहेरचा गुंतवणूकदार गल्लीच्या गल्ली विकत घेऊन भाड्याने लावणार नाही.

ऐकायला बरोबर वाटतं ना? आता दुसरी बाजू बघा. मालक म्हातारा झाला आणि मुलीकडे राहायला गेला, तर? अट मोडली. नोकरीत दोन वर्षांसाठी बदली झाली? अट मोडली. बँकेने कर्ज दिलं आणि ते थकलं, तर घर बँकेच्या ताब्यात येईल. पण बँक काही त्या घरात राहू शकत नाही, म्हणजे दोन्ही घरं भाड्याने देता येणार नाहीत. मग बँक अशा जोडघराची किंमत कमी धरते, आणि ज्याच्याकडे रोकड नाही त्याला ते बांधताच येत नाही. गुंतवणूकदाराला रोखायला आणलेली अट पहिल्यांदा कर्जावर घर बांधणाऱ्यालाच अडवते.

ही टीका वाढत गेली आणि राज्यांनी अट काढायला सुरुवात केली. ओरेगनने २०१९ च्या कायद्याने शहरांना ती घालायला मनाई केली, वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी स्थगित केली आणि २०२३ मध्ये कायमची काढली. मुख्य घराच्या भिंतींच्या आतच काढलेल्या, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या घरांसाठी मात्र तिथे ती ठेवली गेली. यातला तर्क मला पटतो. एकाच छपराखाली, कदाचित एकच न्हाणीघर वापरत राहायचं असेल, तर कोण कोणासोबत राहतं हा प्रश्न खराच येतो.

आता संशोधनाकडे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० नंतर जोडघरांचे परवाने वाढले. मग निष्कर्ष निघतो: अट काढली, घरं वाढली. इथे थांबा. त्याच तारखेला तिथे आणखी काय काय लागू झालं? परवानगी ६० दिवसांत द्यायची सक्ती, ७५० चौरस फुटांपेक्षा लहान जोडघराला विकास शुल्कात माफी, पार्किंगच्या नियमांत सूट. सिएटलचंही तसंच. २०१९ मध्ये त्यांनी मालकाची अट काढली, पार्किंगची अट काढली आणि एका प्लॉटवर दोन जोडघरांना परवानगी दिली, सगळं एकाच झटक्यात. आपण प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलतो. एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला तुम्ही चार रसायनं एकदम ओतून 'तिसऱ्यामुळे रंग बदलला' असं लिहिलं असतं तर जर्नल परत आलं असतं. धोरणाच्या अभ्यासात मात्र असे दावे सहज खपतात. अट काढल्यामुळे काहीच झालं नाही, असं मी म्हणत नाहीये. एवढंच की या आकड्यांतून एकट्या अटीचा परिणाम वेगळा काढता येत नाही, आणि जो पेपर तो वेगळा काढल्याचा दावा करतो त्याची पद्धत आधी वाचा, निष्कर्ष नंतर.

न्यायालयांचाही घोळ आहे. न्यूयॉर्क राज्यात ब्रुकहेवन गावाच्या १९८८ च्या खटल्यात अपील न्यायालयाने ही अट वैध ठरवली. नॉर्थ कॅरोलायनात विल्मिंग्टन शहराच्या २००८ च्या खटल्यात अपील न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं: जागेचा वापर काय व्हावा हे शहर ठरवू शकतं, तिचा मालक तिथे राहतो की नाही हे नाही. हा भेद वहीत लिहून ठेवा. *वापरावरचा नियम आणि माणसावरचा नियम.* पुढे लागणार आहे.

मग हे सगळं पवनी तालुक्यात कशाला आणायचं? भंडारा जिल्ह्यात 'एका कुटुंबाच्या घराचा विभाग' असा नकाशावर रंगवलेला पट्टा नाही. गावठाणात लोक वाडीत, कोठ्याला लागून, छपरी वाढवून खोल्या काढतातच, आणि कोणी विचारत नाही. बरोबर. पण एक जागा अशी आहे जिथे सरकारने 'एक कुटुंब, एक प्लॉट' हे तत्त्व कागदावर घालून गाव वसवलं: पुनर्वसित गावठाण.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्याआधी १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा प्रकल्पाची किंमत सुमारे ३७२ कोटी रुपये धरली होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. वैनगंगेचं पाणी टप्प्याटप्प्याने वाढवलं गेलं आणि भंडारा व नागपूर या दोन जिल्ह्यांतली गावं उठून नव्या गावठाणांत गेली. नव्या गावठाणातल्या प्लॉटचा हिशोब राज्याच्या पुनर्वसन कायद्यातला: शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटर, बिगरशेतकरी कुटुंबाला १८५, आणि कुटुंब मोठं असेल तर जास्त. म्हणजे एकक आहे कुटुंब. कुटुंब मोजायचं एका तारखेला.

इथे साधं गणित करा. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेला मुलगा २००६ मध्ये सज्ञान झाला. राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा, म्हणजे लग्नाच्या कायदेशीर वयाचा. २०१३ मध्ये राज्य सरकारने सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं तेव्हा पंचवीस. आज त्याची मुलं शाळेत जात असणार. सर्वेक्षणाच्या यादीत मात्र तो कोणाच्या तरी घरातला 'सदस्य' आहे. गोसीखुर्दच्या आंदोलनात 'वाढीव कुटुंब' हा शब्द वर्षानुवर्षं ऐकू येतो तो यातूनच. धरणाला उशीर झाला, माणसांच्या वाढण्याला झाला नाही.

केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा याबाबतीत पुढचा आहे. त्याच्या व्याख्येत प्रत्येक सज्ञान व्यक्ती, स्त्री असो की पुरुष, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरली जाते. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रियासुद्धा वेगळं कुटुंब. पण तो लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून. गोसीखुर्दचं काम सुरू झालं तेव्हा देशात भूसंपादनाचा कायदा १८९४ चा होता.

मग ज्यांना वेगळा प्लॉट मिळाला नाही ते काय करतील? जे कोणीही करेल तेच. समजा, एका ३७० चौरस मीटरच्या प्लॉटवर वडिलांच्या नावाने घर आहे. थोरला मुलगा मागे दोन खोल्या काढतो, त्याची चूल वेगळी, विजेचं मीटर वेगळं. धाकटा नागपूरला कामाला जातो, त्याची खोली कुलूप लावून ठेवलेली. भाऊ वारला म्हणून वहिनी छपरीला भिंत घालून तिथे राहते. वडील गेले, आई कधी थोरल्याकडे, कधी मुलीकडे. आता तुमचा प्रश्न विचारा: "घरमालक इथेच राहतात का?" कागदावरचा मालक हयात नाही. वारसनोंद झालेली नाही. राहणाऱ्या तिघांपैकी कोणीही कागदाने मालक नाही आणि कोणीही भाडेकरू नाही. तुमच्या होय/नाहीत हे घर बसत नाही, आणि बसवलं तर तुम्ही जे लिहाल ते चुकीचं असेल.

अमेरिकेत ज्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला ते जोडघर इथे कोणालाही न विचारता उभं आहे. फरक असा की तिथे ते बहुधा भाड्यासाठी असतं, इथे हिश्श्यासाठी. म्हणून तिथल्या अभ्यासाचे चलघटक, म्हणजे भाडं, परवाने, घराची बाजारातली किंमत, इथे आणून लावले तर ते हवेत लटकतात.

शब्दांचाही एक सापळा आहे, आणि तो मराठीतला आहे म्हणून जास्त फसवा. आपल्या महसुली भाषेत जमीन धारण करणाऱ्याला 'भोगवटादार' म्हणतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत वर्ग १ आणि वर्ग २ असे भोगवटादार आहेत. वर्ग २ म्हणजे ज्याच्या हस्तांतरणावर बंधन आहे, विकायचं तर परवानगी लागते. पुनर्वसनात दिलेल्या जमिनी सहसा या वर्गात येतात. या भोगवट्याचा राहण्याशी काहीही संबंध नाही. वर्ग १ चा भोगवटादार दुबईत राहत असेल तरी भोगवटादारच. आता ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. त्यात मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव असे वेगळे रकाने आहेत. इथे भोगवटा म्हणजे प्रत्यक्ष वापर. आणि शहरात इमारत पूर्ण झाल्यावर मिळतं ते 'भोगवटा प्रमाणपत्र', तो आणखी तिसराच अर्थ. इंग्रजी पेपरमधल्या 'ऑक्युपन्सी'चं भाषांतर म्हणून तुम्ही भोगवटा लिहिलंत तर तीन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात जातील. नंतर एसपीएसएसमध्ये कितीही चाळण्या लावा, वेगळ्या होणार नाहीत.

त्यातल्या त्यात मला नमुना ८ आवडतो. अमेरिकेतल्या नियमाने मालक आणि राहणारा एकच असला पाहिजे असा हट्ट धरला. आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीने ते दोघे वेगळे असू शकतात हे गृहीत धरूनच दोन रकाने आखले. अडचण एवढीच की दुसरा रकाना बऱ्याचदा 'स्वतः' लिहून मोकळा केला जातो.

आता मूळ आक्षेपाकडे येते, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. पुनर्वसित गावांवरच्या लहानमोठ्या अभ्यासांत एक ठरलेली वाट असते. संशोधक गावात जातो, बंद घरं मोजतो आणि लिहितो: इतके टक्के लाभार्थी प्लॉटवर राहत नाहीत. पुढच्या परिच्छेदात याचा अर्थ होतो: त्यांना गरज नव्हती. शेवटच्या प्रकरणात शिफारस येते: पुढील वाटप प्रत्यक्ष राहणाऱ्यांनाच करावं. म्हणजे मालकाच्या निवासाची अट, दुसऱ्या नावाने. आणि शिफारस कागदावर राहते असं समजू नका. ज्या गावात वाढीव कुटुंबांची मागणी अजून चालू आहे, तिथे 'कुलूपबंद घरं' हा आकडा कुणाच्या हातात कुणाविरुद्ध वापरला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

कुलूप कशाकशाचं असू शकतं? रोवणीच्या दिवसांत भर दुपारी गेलात तर अर्धं गाव बांधीत असतं. धान निघाल्यावर गेलात तर मजुरीला बाहेर गेलेल्यांची घरं बंद. नदीवर मासेमारी करणारं ढिवर कुटुंब असेल तर नवं गावठाण पाण्यापासून लांब पडल्याने काही महिने दुसरीकडे असू शकतं. आणि दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गेलात तर बहुतेक कुलपं उघडी, पाहुण्यांनी घरं भरलेली. एकाच गावाचा 'मालक-निवासाचा दर' तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात त्यावर बदलतो. एका भेटीवर काढलेला हा दर गावापेक्षा तुमच्या सुट्ट्यांबद्दल जास्त सांगतो. फील्डवर्क उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि सबमिशनच्या आधी, हे आपल्या सगळ्यांचं वेळापत्रक मला माहीत आहे.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही. काही कुलपं खरोखरच गुंतवणुकीची असतात. मोठ्या रस्त्यालगतच्या, तालुक्याच्या गावाजवळच्या प्लॉटवर बाहेरच्याचा डोळा असतोच, आणि अडचणीतलं कुटुंब साध्या स्टॅम्पपेपरवर प्लॉट देऊन मोकळं होतं. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय कोणता? इथे विल्मिंग्टनचा भेद काढा. विक्रीवर बंधन घालणं हा व्यवहारावरचा नियम आहे. कुटुंब घरात झोपतं का हे तपासणं हा माणसावरचा नियम आहे. पहिला नियम बाहेरच्याला अडवतो, दुसरा नागपूरला कामाला गेलेल्या धाकट्याला. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनातही हे दोन्ही एकत्र आलेले दिसतील: १ जानेवारी २००० सारख्या ठराविक तारखेआधी प्रत्यक्ष राहत असल्याचा पुरावा हा पात्रतेसाठी, आणि मिळालेलं घर ठराविक वर्षं विकायचं नाही हे त्यानंतर. दोन अटी, दोन उद्देश. अभ्यास करताना त्यांची सरमिसळ झाली की 'निवासाची अट यशस्वी' असं वाक्य लिहिलं जातं, जेव्हा काम विक्रीबंदीने केलेलं असतं. कॅलिफोर्नियातला गोंधळ इथेही तोच.

देशातलं आणखी एक उदाहरण वाचून ठेवा, चंदीगडचं. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ च्या निकालात शहराच्या जुन्या भागातल्या, सेक्टर १ ते ३० मधल्या घरांचं मजल्यामजल्याने अपार्टमेंटीकरण थांबवलं. तिथेही प्रश्न असाच उभा राहतो: भावाभावांनी एकेक मजला वाटून घेणं आणि बिल्डरने एकेक मजला विकणं, हे बाहेरून सारखंच दिसतं. वेगळं कसं ओळखायचं? ज्याला शहरांवर काम करायचंय त्याला यात अख्खा प्रबंध मिळेल.

मग प्रश्नावलीत काय लिहायचं? मी 'मालक' हा शब्द सुरुवातीला आणतच नाही. आधी चुली मोजा. जनगणनेची कुटुंबाची व्याख्याही चुलीवरच उभी आहे: एकत्र राहणारी आणि सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. २०११ च्या घरयादीत प्रत्येक कुटुंबातल्या विवाहित जोडप्यांची संख्या आणि राहण्याच्या खोल्यांची संख्या विचारली होती. खोल्यांपेक्षा जोडपी जास्त निघाली, तर वाढीव कुटुंब मागणीअर्ज न वाचताही दिसतं. म्हणून प्लॉटवर चुली किती, जोडपी किती, खोल्या किती, प्रत्येक खोली कोणत्या वर्षी बांधली, हे आधी. बांधकामाचं वर्ष सोडू नका; लग्नाच्या वर्षाशेजारी ते ठेवलं की खोली भाड्यासाठी काढली की संसारासाठी, याचा बराचसा उलगडा होतो. मग कागद कोणाच्या नावाने आणि वारसनोंद झाली का. मग प्रत्येक माणूस गेल्या बारा महिन्यांत इथे किती महिने होता, होय/नाही नव्हे, महिने. बंद घराला 'प्रतिसाद नाही' लिहून पुढे जाऊ नका. शेजाऱ्याला विचारा, निदान दोन वेगळ्या हंगामांत परत जा.

भाड्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि जपून. गावात बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला खोली दिलेली असते, पण प्लॉटवर अटी आहेत हे माहीत असल्यामुळे घरचे सांगतील, "आमचा पाहुणा आहे." तुम्ही त्याची नोंद 'भाडेकरू' अशी केलीत आणि तक्त्यात गावाचं नाव, प्लॉटचा आकार, खोल्यांची संख्या हे सगळं दिलंत, तर घर ओळखायला दहा मिनिटं पुरतात. नैतिकता समितीचा फॉर्म भरताना 'नावं गोपनीय ठेवली जातील' एवढ्यावर भागवतो आपण. साठ-सत्तर घरांच्या गावठाणात नाव हा सगळ्यात कमी महत्त्वाचा तपशील असतो. तक्ता गावनिहाय न देता अनेक गावांचा मिळून द्या, आणि प्लॉटचा आकार ३७० की १८५ एवढाच ठेवा.